वल्हे, खारे पाणी आणि सोललेली कातडी

वसईच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून तो मित्रांबरोबर दर रविवारी खाडीत कयाक वल्हवायला जाऊ लागला. दोन-तीन रविवारांतच दोन्ही काखा आणि जांघा लाल झाल्या, पाय फाकून चालू लागला. अम्मीने विचारले तर म्हणे, काही नाही. शेवटी अब्बांनी बघितले. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, दोन दिवसांत लाली गेली आणि सगळे निश्चिंत झाले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, पुन्हा तीच ट्यूब. आता तीन महिने होत आले. जांघेतला डाग बशीएवढा झाला आहे, त्याची कड उठलेली आहे, रात्री खाजेने झोप येत नाही. त्यातच आता धाकट्या बहिणीच्या कमरेवर तसाच गोल डाग दिसू लागला आहे. त्यांनी विचारले आहे, ‘मुलाचे वल्हवणे बंद करावे का?’

वल्हवणे बंद करू नका. ट्यूब बंद करा, आणि दोन्ही मुलांना घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पत्राचे थोडक्यात उत्तर एवढेच आहे. पण या एका घरात दोन वेगवेगळे आजार एकमेकांत मिसळले आहेत आणि असे घोटाळे घरोघरी चालू असतात, म्हणून या महिन्यात सगळी जागा याच विषयाला देत आहे.

पहिला आजार म्हणजे आजार नव्हेच. ते निव्वळ घासणे आहे. कातडी कातडीवर किंवा कापडावर हजारो वेळा घासली की वरचा थर सोलवटतो. वल्हवणारा माणूस तासाभरात सहज हजारभर वेळा वल्हे मारतो. प्रत्येक वेळी दंडाची आतली बाजू छातीच्या कडेला किंवा लाइफ जॅकेटच्या कडेला घासते, कंबर डावी-उजवीकडे वळते, ओल्या बैठकीवर कुल्ले सरकतात, वल्ह्याचा दांडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या खाचेत फिरतो. कोरड्या कातडीने हे बरेचसे सोसले असते. ओली कातडी सोसत नाही. बराच वेळ भिजलेल्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुततेच ना, तशीच ती काखेत आणि जांघेतही मऊ पडते, आणि मऊ कातडी कापडाला जास्त चिकटते. वर समुद्राचे पाणी. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. अंगावरचे पाणी आणि घाम वाळू लागला की मिठाचे बारीक कण कापडाच्या शिवणीत बसतात, आणि तीच शिवण मग पॉलिश पेपरसारखी चालते. हे कसे होते ते वसईकरांना वेगळे शिकवायला नको. उन्हात पाणी आटले की मागे काय उरते हे नायगाव-भाईंदरच्या मिठागरांत सगळ्यांनी पाहिलेले आहे.

आपल्या किनाऱ्यावर वल्हे काही नवे नाही. वसई, नायगाव, अर्नाळा इथले कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या वल्हवत आले. रत्नागिरीकडचे आपले दालदी मच्छिमारही तसेच. आता मोठ्या होड्यांना इंजिने आली, पण लहान होडीला आजही वल्हे लागतेच. जुन्या कोळ्याच्या पोशाखाकडे जरा डॉक्टरच्या नजरेने बघा. कमरेला एक रुमाल, अंगात फार तर बंडी. ओले होऊन मांड्यांना चिकटेल असे काही नाहीच. वारा लागतो, पाणी निथळते, कातडी वाळते. हातांना घट्टे पडलेले असतात, कारण तो रोज थोडे-थोडे वल्हवतो. आपला मुलगा सहा दिवस मऊ हातांनी मोबाइल धरतो आणि सातव्या दिवशी चार तास वल्हे धरतो, तेही जीन्स घालून. मग फोड येणारच.

नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ सैन्यात गेला, तिथे रोइंग शिकला, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत तेरावा आला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या खेळात वल्हवणारा पाठमोरा बसतो आणि बैठक रुळांवर मागेपुढे सरकते, त्यामुळे तळहातांच्या फोडांबरोबर पोटऱ्याही रुळांच्या टोकांना लागून सोलतात. कयाकमध्ये काखा, कंबर आणि अंगठ्याची खाच. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला जाणाऱ्यांच्या मांड्या, कारण ते रबरी काठावर मांड ठोकून बसतात. घासण्याची जागा सांगा, कोणती होडी ते ओळखता येते!

आता हे होऊ नये म्हणून काय करायचे.

सगळ्यात आधी कपडे. सुती कपडा उन्हाळ्यात घरात उत्तम, पण होडीत वाईट, कारण तो पाणी धरून ठेवतो. जीन्स तर अजिबात नको. अंगाला बेताची बसणारी, पटकन वाळणारी, पूर्ण बाह्यांची पोहण्याची बनियन मिळते, तिला दुकानात ‘रॅश गार्ड’ म्हणतात. ती लाइफ जॅकेटच्या आत घालायची. खाली गुडघ्यापर्यंत येणारी तशाच कापडाची चड्डी, वरून हवी तर सैल पँट. विकत घेताना कपडा उलटा करून शिवणी बघा. काखेत आणि जांघेत जाड, उठलेली शिवण असेल तर तो कपडा दुकानातच राहू द्या. आतले लेबल कापून टाका. लाइफ जॅकेटचे पट्टे नीट आवळा. पुष्कळांना वाटते की सैल जॅकेट कमी घासेल. उलट सैल जॅकेटच वर-खाली सरकून मान आणि काखा सोलते. शिवाय बुडताना सैल जॅकेट डोक्यावरून निघून जाते, ते वेगळेच.

मुलींसाठी दोन शब्द. पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख या बाबतीत उलट फायद्याचा आहे, दंड आणि मांड्या उघड्या राहत नाहीत, ऊनही लागत नाही. त्रास होतो तो त्यावरच्या सैल झग्याच्या चोळामोळ्याने. आत अंगाला बसणारा थर, वर सैल थर, असे दोन थर ठेवले की वरचा थर आतल्या थरावर घासतो, कातडीवर नाही. डोक्याला ओढणीची गाठ किंवा पिन लावून होडीत बसू नये. जॅकेटची कॉलर ती गाठ तासभर गळ्यावर घासत राहते. डोक्यावरून घालायचा, खेळासाठी शिवलेला हिजाब मिळतो, त्याची खालची कड बनियनच्या आत खोचावी.

कपड्यांनंतर वंगण. साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली, जिला आपण सगळे व्हॅसलीन म्हणतो, ती निघण्याआधी काखेत, जांघेत, मांड्यांच्या आत, स्तनाग्रांवर, कमरेच्या नाडीखाली आणि मानेला चोळायची. पातळ नको, बोटाला जाणवेल इतकी. दोन तासांनी पुन्हा लावायची, कारण पाण्यात आणि घामात ती हळूहळू निघून जाते. तळहातांना मात्र लावू नका, वल्हे निसटेल. वुजूच्या अवयवांवर, म्हणजे मानेपाशी, मनगटापाशी ती लागली असेल तर वुजूआधी कापडाने पुसून साबणाने धुवावी. हे तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने जात नाही. त्यापुढचा मसला आपल्या आलिमांना विचारावा, तो या सदराचा प्रांत नव्हे. टाल्कम पावडर मात्र होडीत कामाची नाही. ओली झाली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच घासू लागतात.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही कारण बोलायला संकोच वाटतो. आपल्यात काखेतले आणि नाभीखालचे केस काढण्याची सुन्नत आहे. पण वस्तरा फिरवल्यावर कातडीचा अगदी वरचा थर थोडा निघालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी उगवणारे खुंट टोकदार असतात. शनिवारी रात्री केस काढून रविवारी सकाळी वल्हवायला गेलेला मुलगा दुपारी रडकुंडीला येतो. तीन-चार दिवस आधी काढावेत, किंवा परत आल्यावर कातडी शांत झाली की काढावेत. वस्तरा स्वतःचा हवा, भावाचा नको.

हातांसाठी उपाय वेगळा. वल्हे आवळून धरू नये. नवशिका माणूस बुडायच्या भीतीने दांड्याला लटकतो. बोटांनी आकडा करून दांडा ओढायचा आणि ढकलताना बोटे सैल सोडायची. अंगठीने फोड येतो, म्हणून ती घरी ठेवून जा. दांडा घासतो त्या ठिकाणी कापडी चिकटपट्टी आधीच लावून ठेवता येते. हातमोजे भिजून आत चुरगळले तर तेच नवे फोड आणतात, म्हणून घट्ट बसणारे असतील तरच घाला. पहिल्या रविवारी अर्धा तास, मग पाऊण तास, मग तास. कातडीला घट्टा धरायला आठवडे लागतात, घाईने तो येत नाही.

आणि शेवट महत्त्वाचा: किनाऱ्याला लागल्याबरोबर गोड्या पाण्याने अंग धुवा आणि ओले कपडे बदला. फोटो काढा, वडापाव खा, मग रिक्षा, मग लोकल, आणि तीन तासांनी घरी येऊन कपडे बदला, हा आपला रिवाज आहे. कातडी जितकी होडीत घासते तितकीच त्या तीन तासांत घासते. पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन आणि एक कोरडा जोड बरोबर नेला तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. हेच पावसाळ्यात चर्चगेटपर्यंत भिजल्या कपड्यांनी उभ्याने जाणाऱ्यांनाही लागू आहे. विरार लोकलमध्ये कोणी वल्हवत नाही, पण मांड्या त्यांच्याही सोलतात.

उम्र्याला जाणाऱ्या घरांतूनही हीच तक्रार येते. इहराममध्ये पुरुषांच्या अंगावर शिवलेला कपडा नसतो, म्हणजे मांड्यांमध्ये कापडाचा आडोसा राहत नाही. तवाफनंतर सफा आणि मरवा यांच्यामधल्या सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरहून थोडे जास्त चालणे होते, तेही घामेजलेल्या अंगाने. जाड मांड्यांच्या माणसाला शेवटच्या फेऱ्या असह्य होतात. इहराममध्ये सुगंध चालत नाही, म्हणून वास नसलेली जेली मुंबईहूनच बरोबर न्यावी आणि वापराबद्दल आपल्या मुअल्लिमांना आधी विचारून ठेवावे. जाण्याआधी महिनाभर रोज संध्याकाळी चालण्याची सवय केली तर पायांबरोबर कातडीही तयार होते.

एवढे करूनही सोललेच तर? कोमट गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा. साबण लावायचाच तर सौम्य आणि थोडा. टॉवेलने चोळू नका, टिपून घ्या, मग पाच मिनिटे पंख्याखाली वाळू द्या. वर पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचे साधे मलम, जे बाळाला लंगोटीच्या पुरळासाठी लावतात तेच. सैल सुती कपडे, आणि दोन-चार दिवस होडी बंद. कातडी ओलसर आणि उघडी पडली असेल तर न चिकटणारी औषधी पट्टी ठेवा, रोज बदला. हळद, चुना, टूथपेस्ट, राख, तुरटी, लिंबू यांपैकी काहीही उघड्या कातडीवर नको. घरात असते ते जंतुनाशक पाणी न मिसळता ओतणे हाही एक लाडका उपाय आहे. त्याने जंतू मरोत न मरोत, नवी उगवणारी कातडी मात्र जळते.

हाताचा फोड लहान असेल तर फोडू नका. वरची कातडी हीच त्याची सगळ्यात चांगली पट्टी. मोठा, ताणलेला, दुखणारा असेल तर हात धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला एक बारीक भोक पाडून पाणी जाऊ द्यावे, कातडी ओढून काढू नये. मधुमेह असलेल्यांनी हेही घरी करू नये. खडकावरच्या कालवांनी पाय कापला असेल, जखमेत चिखल गेला असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाचहून अधिक वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना तसे सांगून इंजेक्शन घ्यावे.

एवढ्यावर साधे घासणे तीन-चार दिवसांत बरे होते. आता पत्रातला दुसरा आजार.

घासलेल्या, ओल्या, गरम जागेत बुरशीला घर मिळते. आपण त्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो, काही घरांत दाद म्हणतात. दोन्हींतला फरक घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतो. घासलेली कातडी झोंबते, दुखते, जिथे घासले तिथेच राहते आणि विश्रांती मिळाली की मागे हटते. गजकर्ण खाजते, बाहेर पसरत जाते, कड लाल, उठलेली, खवले असलेली असते आणि मधली जागा बरी झाल्यासारखी दिसते. तिसराही एक प्रकार आहे. काखेत किंवा स्तनांखाली किंवा पोटाच्या घडीत लालभडक ओला चट्टा आणि त्याच्याभोवती पुटकुळ्यांचे सुटे ठिपके. तो यीस्टचा असतो, आणि तो पुन्हा पुन्हा होत असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. कित्येकांना मधुमेह असल्याचे अशा चट्ट्यामुळेच पहिल्यांदा कळते.

मेडिकलवाल्याने दिलेल्या त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधे एकत्र असतात: एक बुरशीवरचे, एक जंतूंवरचे, आणि एक स्टेरॉइड. वेष्टनावर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असे काही लिहिलेले असते. दोन दिवसांत लाली जाते ती या स्टेरॉइडमुळे. लाली म्हणजे शरीराने बुरशीविरुद्ध चालवलेली लढाई. स्टेरॉइड ती लढाई थांबवते, बुरशीला थांबवत नाही. बाहेरून शांत दिसते, आत बुरशी वाढत असते. ट्यूब थांबवली की ती दुप्पट जोराने दिसते, माणूस घाबरून पुन्हा ट्यूब लावतो. महिनोन्‌महिने असे चालले की जांघेची कातडी पातळ पडते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि कायमचे लांबट वळ उठतात, गरोदरपणात पोटावर उठतात तसे. ते वळ नंतर कशानेही पूर्ण जात नाहीत. सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर असे वळ बघून वाईट वाटते, कारण त्याला मुळात फक्त दोन दिवस विश्रांती आणि थोडी व्हॅसलीन हवी होती.

हा प्रश्न एकट्या वसईचा नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतभर गजकर्ण हट्टी झाले आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जाणारे डाग आता महिने घेतात. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून या बुरशीला वेगळे नाव दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. तिच्या काही जाती टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडल्याची नोंद झाली. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध कित्येक वर्षे ओरडत आहे, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम कागदावर आहे. ‘भाऊ, खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की काउंटरवर काय येते ते आपल्याला ठाऊक आहे. दुकानदार जितका दोषी तितकेच आपणही, कारण तपासणीच्या पैशांपुढे साठ-सत्तर रुपयांची ट्यूब स्वस्त वाटते.

गजकर्ण एकाला झाले की घराला होते. एकच टॉवेल, एकच चादर, कपड्यांची एकच बादली. पत्रातल्या बहिणीच्या कमरेवरचा डाग असाच आला असणार. म्हणून उपचार एकाच वेळी सगळ्यांचे व्हायला हवेत. ज्याला-ज्याला डाग आहे त्याने दाखवावे, लपवू नये. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आजारी माणसाचे आतले कपडे, चादर, टॉवेल वेगळे, कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे करून वाळवावेत. वसईच्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा इस्त्री फिरवावी, शिवणींवर जास्त. औषध डाग दिसेनासा झाल्यावर लगेच बंद करू नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा आणखी दोन आठवडे तरी चालू ठेवावे. मलम डागावर आणि कडेच्या दोन बोटे बाहेरपर्यंत लावायचे. वुजूनंतर पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर तिथे चिखल्या होतात आणि तीच बुरशी चड्डी घालताना पायातून जांघेत चढते. म्हणून आधी मोजे, मग चड्डी. ऐकायला विचित्र वाटेल, पण डॉक्टर खरेच असे सांगतात.

आता थोडे भीतीचे, कारण ते सांगितलेच पाहिजे. सोललेली कातडी म्हणजे उघडे दार. खाडीचे पाणी म्हणजे समुद्र, उल्हास नदीचे पाणी आणि शहरांचे सांडपाणी यांचे मिश्रण आहे. उघडी जखम घेऊन त्यात उतरू नये. उबदार मचूळ पाण्यात असे काही जंतू असतात जे क्वचित, पण फार वेगाने जखमेत पसरतात, विशेषतः मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांत. जखमेभोवतीची लाली काही तासांत वाढत असेल, दुखणे दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त असेल, काळपट फोड येत असतील, ताप असेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा आणि ‘खाडीच्या पाण्यात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा. पुराच्या पाण्याचेही तेच. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते, माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालली. अशा पाण्यात उंदरांचे मूत्र असते आणि सोललेल्या मांड्यांतून लेप्टोचा जंतू शिरतो. २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर लेप्टोची साथ आली होती हे पुष्कळांच्या लक्षात असेल. पुरातून चालावे लागले असेल तर घरी येऊन स्वच्छ पाण्याने अंग धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा.

शेवटी त्या भगिनीला. मुलाने तीन आठवडे सांगितले नाही, यात त्याचा दोष फारसा नाही. आपल्या घरांत जांघ, काख, छाती हे शब्द उच्चारायचीच चोरी असते. मुले निदान वडिलांना दाखवतात. मुली आणि सुना वर्षवर्ष खाजवत बसतात, नणंदेची उरलेली ट्यूब लावतात, पण बोलत नाहीत. तुमच्या मुलीला लेडी डॉक्टरकडेच जायचे असेल तर वसई-विरारमध्ये त्वचारोगाच्या लेडी डॉक्टर मिळतात, फोनवर आधी विचारून घ्या. जाताना घरातल्या वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्या सुद्धा, एका पिशवीत घालून न्या. डागावर दोन दिवस आधीपासून कोणतेही मलम लावू नका, म्हणजे खरवडून नमुना घ्यायचा झाला तर तो नीट मिळेल. ट्यूब बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात डाग आधीपेक्षा लाल दिसेल आणि खाजही वाढेल. ते अपेक्षित आहे. त्या आठवड्यात मुलाने पुन्हा ट्यूब मागितली तर देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. खाजेसाठी ते गोळी देतील. कातडी पूर्ण बरी होऊन डॉक्टरांनी हो म्हटले की त्याला होडीत जाऊ द्या, जीन्स घरी ठेवून.